घोडा हसला होता

आमचा जावई कुवेतला असतो. वर्षातून एक महिना घरी येतो. मागच्या खेपेला त्या महिन्यातले बावीस दिवस नातेवाइकांकडच्या दावती, दोन लग्नं, बँक आणि घरावरची कौलं यांतच संपले. निघायला आठ दिवस राहिले तेव्हा तो म्हणाला, ‘‘पोरीला एकदा इमॅजिका दाखवतो. बापाबरोबरची काही तरी आठवण राहू दे तिला.’’

नात तेव्हा नुकतीच चार वर्षांची झालेली. ओटीवर बसलेले एक शेजारी लगेच म्हणाले, ‘‘चार वर्षांच्या पोरीच्या काय ध्यानात राहणार? पैसे पाण्यात!’’

जावई गप्प झाला. मीही गप्प झालो, कारण शेजारी अगदीच चुकीचं बोलत नव्हते. आपल्यापैकी बहुतेकांची पहिली आठवण साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. त्याआधीची पाटी कोरी, आणि नंतरची दोन-तीन वर्षंही तुटक-तुटक. बी.ए.ला मानसशास्त्राचा एक पेपर होता, त्यात फ्रॉइडनं या प्रकाराला बालपणीचं विस्मरण म्हटल्याचं वाचलं होतं. त्यानं दिलेलं कारण आता फारसं कुणी मानत नाही, पण विस्मरण खरं आहे.

तरी आम्ही गेलो. गडबहून वडखळ, पेण, तिथून खोपोलीचा रस्ता आणि पुढे पालीच्या दिशेनं सांगडेवाडी. ईद होऊन तीन दिवस झाले होते. घावणे आणि उरलेलं मटण गाडीतच खाऊन घेतलं. खालापूर तालुक्यातलं हे उद्यान २०१३ साली सुरू झालं. आपल्याकडे अशा जागा तशा नव्याच. दिल्लीचं अप्पू घर १९८४चं, गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९चं. आणि या सगळ्यांचा आजा म्हणजे अमेरिकेतलं डिस्नेलँड, १९५५चं. वॉल्ट डिस्ने लॉस एंजेलिसच्या एका बागेत बाकावर बसून आपल्या मुलींना लाकडी घोड्यांच्या चक्रावर फिरताना बघत असे. मुलं खेळतात आणि आईबाप नुसते बसून राहतात, दोघांना मिळून रमता येईल अशी जागा का नसावी, असं त्याच्या मनात तिथेच आलं.

आत शिरल्यावर आपल्याला दिसतात मनोरे, रुळांची भेंडोळी, रंग. नातीला काय दिसलं? माणसांचे गुडघे. तीन-सव्वातीन फुटांवरून गर्दी कशी दिसते हे बघायचं असेल तर एकदा उकिडवं बसून बघा. मी बसलो, उठताना मात्र जावयाचा हात धरावा लागला. पहिला अर्धा तास ती रमली ती फरशीच्या फटीतल्या मुंग्यांत आणि हात पुढे केल्यावर आपोआप सुरू होणाऱ्या नळात. मी घाई करत होतो. तिकिटाचे पैसे वसूल व्हायला हवेत ना!

मग आला उंचीचा प्रश्न. अशा ठिकाणी मोठ्या खेळांच्या तोंडाशी उंची मोजायची पट्टी असते आणि तिच्यापुढे कुणाचा वशिला चालत नाही. तो असतो उंच चढावरून कोसळणाऱ्या गाडीचा खेळ. तिला बहुधा साखळी वर खेचते आणि एकदा शिखर ओलांडलं की पुढचं काम गुरुत्वाकर्षणाचं. वळणावर आणि उतारावर जे झटके बसतात ते अंगावरचा दांडा सोसतो, आणि तो दांडा मोठ्या शरीराच्या मापानं बनवलेला असतो. लहान मूल त्याखालून निसटू शकतं. शिवाय मुलाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं. मोठ्या माणसाचं डोकं त्याच्या उंचीच्या साधारण आठवा हिस्सा, नवजात बाळाचं जवळजवळ पाव. चार वर्षांचं मूल यांच्या मधे कुठे तरी असतं आणि त्याची मान अजून कोवळी असते. म्हणून ‘‘मांडीवर घेतो की!’’ असं म्हणून पट्टीपाशी हुज्जत घालू नये. एक गृहस्थ ती घालत होते आणि त्यांच्या कडेवरचं मूल शांतपणे झोपलं होतं.

तिथल्या एका जलसफरीला राजासॉरसचं नाव आहे. नातीला ती सफर मिळणार नव्हती म्हणून मी तिला डायनासोरची गोष्ट सांगितली. राजासॉरस खरोखरचा, आपल्या देशातला. त्याची हाडं गुजरातेत मिळाली आणि नर्मदेवरून २००३ साली त्याचं नामकरण झालं. तो हिंडत होता तो काळ साडेसहा कोटी वर्षांच्या पलीकडचा, दख्खनवर लाव्हा पसरला त्याच्या आगेमागेचा. उद्यानामागे दिसणारे काळे डोंगर त्याच लाव्हाचे. मला अगदी भरून आलं. नातीनं विचारलं, ‘‘नाना, तो गेला ना आता?’’ गेला म्हटल्यावर ती पुन्हा मुंग्यांकडे वळली.

इथवर ठीक होतं. मग मी चूक केली. एका अंधाऱ्या दालनाच्या दाराशी ती थबकली आणि म्हणाली, ‘‘मना नको.’’ मुलगीही म्हणाली, ‘‘बाबा, राहू दे.’’ मी म्हटलं, ‘‘अगं, सगळं खोटं असतं,’’ आणि तिचं बोट धरून आत नेलं. मिनिटाभरात तिनं माझा सदरा दोन्ही मुठींत धरला, आणि बाहेर येईपर्यंत तिचं अंग थरथरत होतं. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, ‘‘खोटं असतं, तर आवाज का येतो?’’

या प्रश्नाचं उत्तर मी नंतर शोधलं. पॉल हॅरिस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली चार ते सहा वर्षांच्या मुलांवर प्रयोग केले. मुलांना रिकामं खोकं दाखवून, त्यात एखादा प्राणी आहे अशी नुसती कल्पना करायला सांगितलं. प्राणी खरा नाही हे मुलं स्पष्ट सांगत. पण खोलीत एकटं सोडल्यावर त्यातली बरीचशी खोक्यापाशी जाऊन बघत, न जाणो असलाच तर! म्हणजे खरं-खोटं त्यांना कळत असतं, पण कल्पना एकदा मनात शिरली की त्या कळण्यावर विसंबून राहणं जमत नाही. अंधार, गार वारा आणि आवाज एकत्र आले की मग विचारायलाच नको. मोठ्यांचं ‘खोटं असतं’ तिथे उपयोगी पडत नाही. नको म्हणजे नको.

त्या दिवशीची उरलेली दुपार लाकडी घोड्यांच्या चक्रानं वाचवली. चक्र एकच असलं तरी बाहेरच्या रांगेतला घोडा मोठं वर्तुळ कापतो, म्हणून जोरात धावतो. आतल्या रांगेतला सावकाश. जावयानं तिला आतल्या घोड्यावर बसवलं आणि स्वतः शेजारी उभा राहिला. दुसऱ्या फेरीनंतर तिची लाल चप्पल निसटली. चक्र थांबल्यावर या सहा फुटी माणसानं गुडघ्यांवर बसून घोड्याच्या पोटाखालून ती काढली. मग ती तीनदा बसली. चौथ्यांदा रांगेतच झोपली, आणि आम्ही चार वाजताच परत फिरलो. या वयाच्या मुलाचा दिवस दुपारी संपतो हे धरूनच निघावं.

वाटेत खोपोलीजवळ साजगाव लागलं आणि माझी स्वतःची पहिली आठवण जागी झाली. कार्तिकात तिथे बोंबल्या विठोबाची यात्रा भरते, सुक्या मासळीसाठी नावाजलेली. माझे वडील एका व्यापाऱ्याचा हिशेब लिहायला तिथे जात. एका वर्षी मला नेलं होतं. सुक्या बोंबलांचा वास, हातानं फिरवायचा पाळणा, वडिलांचा खांदा. पण हे मला खरंच आठवतं, की आईनं वर्षानुवर्षं सांगितलं म्हणून दिसतं? आता सांगता येत नाही.

याचंही उत्तर कुणी तरी शोधलेलं निघालं. हॅमंड आणि फिवुश या दोन संशोधकांनी, तीन किंवा चार वर्षांची असताना डिस्नेवर्ल्डला जाऊन आलेल्या मुलांना काही सहा, तर काही अठरा महिन्यांनी गाठून तिथलं विचारलं. १९९१ साली ते छापून आलं. दीड वर्ष उलटलं तरी मुलं पुष्कळ सांगत होती. ज्या घरांत त्या सहलीविषयी जास्त बोलणं होई, तिथल्या मुलांना जास्त आठवत होतं. पुढे २०१४ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं की तिसऱ्या वर्षी घडलेल्या ज्या गोष्टी मुलांनी तेव्हा सांगितल्या होत्या, त्यांतल्या साठ टक्क्यांहून जास्त पाच ते सात वर्षांच्या मुलांना आठवतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलांत ते प्रमाण चाळिसाच्या खाली येतं. शेजारी पूर्ण चुकीचे नव्हते, पूर्ण बरोबरही नव्हते. मधल्या वर्षांत घरात काय बोललं जातं, यावर बरंचसं अवलंबून आहे.

म्हणून शुक्रवारी कुवेतहून फोन आला की आम्ही तो विषय काढतो. कंपनीला सुट्टी असते, पडद्यावर त्याचा चेहरा निवांत दिसतो. मागच्या महिन्यात नात त्याला सांगत होती, ‘‘अब्बू, तू घोड्याच्या पोटाखाली गेलास, माझी चप्पल काढलीस, आणि घोडा हसला.’’

‘‘घोडा कुठे हसला?’’ तो म्हणाला.

‘‘हसला. तू खाली होतास, तुला दिसला नाही.’’

जावयानं माझ्याकडे बघितलं. ‘‘हसला होता,’’ मी म्हटलं.