जीपवाले गेले, बाटल्यावाले उरले!

शनिवारी रात्री कॉलेज रोडवरच्या कुठल्याही कॅफेत डोकवा. स्क्रीनवर लिव्हरपूल नाहीतर मँचेस्टर, टेबलावर फ्राइज आणि अर्ध्या पब्लिकच्या अंगात लाल जर्सी. रेफ्रीला शिव्या घालताना आवाज असा की समोरचा चहावाला वळून बघतो. मीही त्याच पब्लिकमधला, त्यामुळे नावं ठेवायचा हक्क मला नाही. पण मंडळी, एक प्रश्न विचारू? महाराष्ट्रातला कोणता क्लब फुटबॉलमध्ये भारताचा चॅम्पियन झाला होता?

ऑफिसात हा प्रश्न मी सात-आठ जणांना टाकून पाहिला. ज्यांना उत्तर आलं, ते सगळे म्हणाले, ‘मुंबई सिटी!’ बरोबर. मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये इंडियन सुपर लीग जिंकली, २०२३-२४ मध्ये पुन्हा जिंकली. पण त्याच्याही पंधरा वर्षं आधी मुंबईच्याच एका क्लबने देशाची लीग जिंकली होती. हिंट हवीय? त्याचं नाव सातपूरच्या एका मोठ्या गेटवर रोज दिसतं आणि आपल्यातल्या निम्म्यांच्या घरचं कुणीतरी त्या गेटमधून आत-बाहेर करतं.

महिंद्रा युनायटेड! आता आठवलं?

जीपवाले

१९६२ साली महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने मुंबईत फुटबॉल टीम उभी केली. त्या काळात हा सर्रास चालणारा प्रकार होता. मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, रेल्वे, बँका, एअर इंडिया अशा सगळ्यांच्या टीम असत. हिशोब सोपा होता. पोरगा चांगला खेळतो? मग त्याला नोकरी द्या. तो कंपनीसाठी खेळेल आणि गुडघा गेला तरी त्याच्या घरची चूल विझणार नाही. फुटबॉलवर पोट भरत नसे, त्या दिवसांत गिरणगाव नाहीतर माहीमच्या पोरांना या नोकरीचा केवढा आधार!

पेपरवाल्यांनी या टीमला ‘जीपमेन’ नाव दिलं. कंपनी जीप बनवायची, म्हणून जीपवाले. १९९८ मध्ये त्यांनी ड्युरँड कप जिंकला. १८८८ पासून चालत आलेली ही स्पर्धा, म्हणजे गंमत नव्हे. २००० मध्ये टीमचं नाव ‘महिंद्रा युनायटेड’ झालं आणि कंपनीची टीम प्रोफेशनल क्लबच्या रुबाबात वावरू लागली. २००१ मध्ये दुसरा ड्युरँड आला, २००३ मध्ये फेडरेशन कप.

मग आला तो सीझन.

एक सीझन, दोन ट्रॉफ्या

२००५. डगआउटमध्ये कोच डेरिक परेरा. डिफेन्सला गोव्याचा महेश गवळी, विंगवर मुंबईचा स्टीव्हन डायस आणि पुढे होजे रामिरेझ बरेटो. हो, तोच ब्राझीलचा बरेटो, ज्याच्यासाठी कोलकात्यातलं मोहन बागानचं पब्लिक जीव टाकायचं. त्याला जीपवाल्यांनी मुंबईत आणलं होतं. फेडरेशन कप जिंकला आणि त्याच सीझनमध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीगही! १९९६ मध्ये सुरू झालेल्या या लीगची ट्रॉफी तोवर पंजाब, कोलकाता आणि गोव्यातच फिरत होती. २००६ मध्ये ती पहिल्यांदा महाराष्ट्रात आली.

पुढच्या वर्षी क्लब आशियात उतरला आणि एएफसी कपच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत धडकला. तिथे लेबनॉनच्या अल नेजमेहने त्यांना रोखलं. २००८ मध्ये तिसरा ड्युरँड. सध्या भारताच्या राष्ट्रीय संघाच्या संदर्भात ज्याचं नाव सतत कानावर पडतं, तो खालिद जमीलही कधीकाळी याच जर्सीत खेळला. २०१७ मध्ये त्याने मिझोरामच्या छोट्याशा आयझॉल क्लबला आय-लीग जिंकून दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची भारताच्या मुख्य कोचपदी नेमणूक झाली.

मामला झकास होता ना? मग हा क्लब आज कुठे आहे?

कुठेच नाही. २०१० मध्ये तो बंद झाला.

दिवाळं नाही, तरी टाळं

खरी गोम इथेच आहे. हा क्लब बुडाला नव्हता. मालक कंपनी जोरात होती. आपल्याच नाशिकच्या प्लांटमधून निघालेली स्कॉर्पिओ देशभर धावत होती. कंपनीने ठरवलं की सीनियर टीमवर खर्च करण्यापेक्षा शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर करावा. त्यासाठी स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबच्या सोबतीने शालेय स्पर्धाही सुरू झाली. वाईट निर्णय म्हणाल का? एका कंपनीच्या टेबलावरून बघितलं तर अजिबात नाही. पैसा त्यांचा, टीम त्यांची, निर्णयही त्यांचाच. ४८ वर्षांचा क्लब एका घोषणेने संपला आणि सीझन संपल्यावर पोरांनी दुसरीकडे कॉन्ट्रॅक्ट शोधली.

हे काही एकदाच घडलं नाही. देशाची पहिलीवहिली राष्ट्रीय लीग जिंकणारी फगवाड्याची जेसीटी २०११ मध्ये थांबली. महाराष्ट्रात तर रांगच लागली. भारत एफसी आला आणि एका सीझननंतर गेला. पुणे एफसी २०१५ मध्ये मैदानातून उतरला. मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये दिसेनासे झाले. सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला. महिंद्रासह सहा नावं, दहा वर्षांच्या आत राष्ट्रीय लीगमधून गायब. प्रत्येकाचं कारण वेगळं, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी होती. टीम बंद करू नका असं सांगायचा हक्क ज्याच्याकडे आहे, असा एकही प्रेक्षक त्या खोलीत नव्हता.

त्याच सुमारास, जगाच्या टोकाला

आता घ्या एक मोठी उडी, थेट नॉर्वेत. उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर बोडो नावाचं एक गाव आहे. उन्हाळ्यात तिथे मध्यरात्रीही सूर्य मावळत नाही. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे अख्खं गाव आपल्या सिडकोत आरामात मावेल. तिथला क्लब बोडो ग्लिम्ट, स्थापना १९१६. पिवळी जर्सी आणि पाठीराख्यांच्या हातात भलामोठा पिवळा टूथब्रश! सत्तरच्या दशकापासून हा ब्रश त्यांचा झेंडा झालाय.

या क्लबचं नशीब मात्र आधीपासून खडतर. उत्तर नॉर्वेच्या क्लबांना राष्ट्रीय कपमध्ये १९६३ पर्यंत प्रवेशच नव्हता आणि वरच्या लीगची दारं त्यांना १९७२ पर्यंत बंद होती. दक्षिणेकडच्यांना वाटायचं, हे लोक इतक्या लांबचे, यांना काय फुटबॉल येणार! दारं उघडल्यावर तीन वर्षांत, १९७५ मध्ये, ग्लिम्टने कप उचलला. त्यानंतर मात्र वर-खाली, वर-खाली चालू राहिलं.

२०१० च्या सुमारास, म्हणजे आपले जीपवाले शटर ओढत होते त्याच काळात, ग्लिम्टची तिजोरी रिकामी झाली. खेळाडूंचे पगार थकले. मग गावाने काय केलं? रिकाम्या बाटल्या गोळा केल्या! नॉर्वेत बाटली परत दिली की डिपॉझिट मिळतं. दारोदार फिरून जमवलेल्या बाटल्यांचे ते पैसे क्लबच्या खात्यात गेले. आता बाटल्या विकून काही कोटी उभे राहत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण क्लब बंद पडणं गावाला मंजूर नाही, हे त्यातून सगळ्यांना दिसलं.

आणि गावाला तसं म्हणता येत होतं. नॉर्वेत क्लब हा सभासदांचा असतो. वर्गणी भरा, सभासद व्हा, सभेत हात वर करा. व्यवहारासाठी कंपनी जोडीला घेता येते, पण क्लबची चावी सभासदांकडेच राहते. कुणी शेठ आला आणि कंटाळून गेला, असं तिथे सहजासहजी होत नाही.

पुढची स्टोरी तर फिल्मी आहे. २०१६ मध्ये क्लब खालच्या लीगमध्ये घसरला, २०१७ मध्ये वर आला. कोच केटिल क्नुटसेनच्या हाताखाली आणि एका माजी फायटर पायलटकडून मन शांत ठेवायचे धडे घेत (ओझरकरांनो, ऐकताय ना?) २०२० मध्ये पहिल्यांदा देशाचा चॅम्पियन झाला. नंतर २०२१, २०२३ आणि २०२४ मध्येही. २०२१ मध्ये मोरिन्योच्या रोमाला ६-१ असं धुतलं. २०२५ मध्ये युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत पोहोचला आणि त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगच्या मुख्य फेरीतही. स्टेडियम किती मोठं म्हणाल, तर जेमतेम आठ हजारांचं!

कोल्हापूरचा फंडा

‘ते नॉर्वे आहे बाबा, आपल्याकडे कुठलं!’ हा डायलॉग तोंडावर येण्याआधी कोल्हापूरला चला. तिथल्या फुटबॉल टीमची नावं वाचा. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ. जिथे कुस्तीची माती होती तिथेच फुटबॉल रुजला. टीम कंपनीची नाही, पेठेची. राजर्षी शाहू स्टेडियमवर पेठ विरुद्ध पेठ मॅच असली की गल्ल्या ओस पडतात. आता तर तिथे आफ्रिकेतले खेळाडूही तालमीच्या जर्सीत दिसतात. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा.

सगळं गोड आहे असं नाही. ईर्ष्येपायी राडे होतात, मॅचेस थांबवाव्या लागतात. तालमी आय-लीगपर्यंतही पोहोचल्या नाहीत. पण महाराष्ट्राचे मोठमोठे क्लब एकामागून एक विझत असताना पेठांच्या टीम मात्र चालूच राहिल्या. पेठेला राजीनामा देता येत नाही ना!

स्कोअरबोर्ड : महिंद्रा युनायटेड
• जन्म १९६२, नवं नाव २०००, शेवट २०१०
• ड्युरँड कप : १९९८, २००१, २००८
• फेडरेशन कप : २००३, २००५
• राष्ट्रीय फुटबॉल लीग : २००५-०६
• एएफसी कप : २००७ मध्ये उपांत्यपूर्व फेरी

आणि नाशिक?

२०११ च्या जनगणनेत आपलं शहर पंधरा लाखांच्या घरात होतं. म्हणजे तीस बोडो! पोरं आहेत, जर्सी आहेत, रात्री जागायचा दमही आहे. टर्फवर तासाचे पैसे भरून आपण दर रविवारी पाय मोडून घेतोच. नाही तो आपला, नाशिकचा म्हणावा असा क्लब. आणि कुणी विषय काढलाच, की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘एखादा मोठा स्पॉन्सर मिळायला हवा यार!’

मला वाटतं, आपण गाडी उलट्या बाजूने ढकलतोय. महाराष्ट्राला स्पॉन्सर मिळाले होते, चांगले मिळाले होते. ते उठून गेल्यावर मागे कुणी उरलं नाही, हे दुखणं आहे. आणि सभासदांची संस्था चालवणं नाशिकला कुणी शिकवायला नको. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० चं आहे. वर्गणी भरणारे सभासद, त्यांनी निवडलेलं कार्यकारी मंडळ, निवडणुकीला रंगणारी चुरस, भांडणं, सगळं काही आहे. पण म्हणूनच ते कुणा एकाच्या मूडवर बंद होत नाही. पुस्तकांसाठी जे गावाला जमलं, ते बॉलसाठी का जमू नये?

तेव्हा रविवारच्या टर्फवाल्या ग्रुपवर एक मेसेज टाकून बघा. महिन्याचे दोनशे रुपये, एक नाव, एक रंग, जवळच्या शाळेची वीस पोरं आणि वर्षातून एक सभा, जिथे प्रत्येकाला एकच मत. जिंकायचं नंतर बघू. स्पॉन्सर आला तर त्याला खुर्ची द्या, चहा पाजा, जर्सीवर नावही छापा. क्लबची चावी तेवढी त्याच्या हातात देऊ नका.