मशीन घेण्याआधी २० पाकिटं विकून बघा

एमव्हीपी, म्हणजे मिनिमम व्हायेबल प्रॉडक्ट. आपल्या भाषेत सांगायचं तर, गिऱ्हाईक खरे पैसे देऊन घेईल असं तुमच्या मालाचं सगळ्यात छोटं रूप. अर्धाकच्चा माल नव्हे, हं!

१९९९ मध्ये अमेरिकेत निक स्विनमर्न यांना ऑनलाइन बूट विकायचे होते. पण पायात घालून न बघता बूट घेणार कोण? त्यांनी गोदाम भरलं नाही. दुकानांत जाऊन बुटांचे फोटो काढले, वेबसाइटवर टाकले. ऑर्डर आली की त्याच दुकानातून पूर्ण किमतीत बूट घेऊन पाठवायचे. त्यात नफा नव्हताच, पण लोक घेतात हे कळलं. तीच झॅपोस कंपनी २००९ मध्ये ॲमेझॉनने विकत घेतली.

आता समजा, तुम्हाला घरगुती काळा मसाला विकायचाय. बरेच जण आधी सोनं गहाण ठेवून कांडप मशीन घेतात, वर हजारभर छापील पाऊच. मसाला चालला नाही तर मशीन पडून, हप्ता मात्र चालू.

त्यापेक्षा जवळच्या कांडपावरून २ किलो मसाला करून आणा. साधं पाऊच, वर स्टिकर. (एफएसएसएआयची नोंदणी आधी करा, घरून विकलं तरी लागते.) १०० ग्रॅमची २० पाकिटं करा. छोटं पाकीट लवकर संपतं, म्हणजे परत मागणी येते का ते महिन्याभरात कळतं. अर्धा किलो दिलंत तर वाट बघत बसाल.

मावशी-आत्यांना विकू नका, त्या "छानच झालाय गं" म्हणणार! माझ्या काउंटरवर रोज बघते, सॅम्पल चाखून कौतुक करणारे खूप, पैसे काढणारे थोडे. म्हणून फुकट नको, सवलतही नको. किमतीत मिरची-खोबऱ्यासोबत तुमची मजुरीही धरा, नाहीतर टेस्टच खोटी.

सुरुवातीलाच वहीत आकडा लिहा: २० पैकी ६ जणांनी स्वतःहून परत मागितलं तरच पुढची बॅच. सहा हा माझा अंदाज, तुमचा तुम्ही ठरवा, पण आधी. नंतर ठरवलात तर सोयीचाच आकडा सुचतो.

कमी जण आले तर फोन करा. "आवडला का?" विचारू नका. "किती उरलाय? सध्या कुठला वापरताय?" असं विचारा. तिखट जास्त झालं की किंमत, ते तिथेच कळेल. मग एका वेळी एकच गोष्ट बदला.

मशीनचं कोटेशन तोवर फाईलमध्ये राहू द्या. तिसरी बॅच संपली की नवीन मागवा, दर बदललेलेच असतात.