मेजावरची सागवानी युद्धनौका

मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी सागवानातून बांधलेली, 1817 साली पाण्यात लोटलेली आणि आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत असलेली ‘ट्रिंकोमाली’ ही ब्रिटिश आरमाराची युद्धनौका रविवारच्या फुरसतीत घरच्या मेजावर लघुरूपाने उभी करणे, हा छंद मला निव्वळ मनोरंजनाचा नव्हे, तर आपल्याच कारागिरांच्या हस्तकौशल्याच्या अध्ययनाचा वाटतो.

तिचा तोफांचा मजला सुमारे 150 फूट लांबीचा. 96 फुटांस एक फूट हे प्रमाण धरले, तर तो 19 इंचांत मावतो. कणा व त्यावरील फासळ्या उभ्या राहिल्या, की खरी परीक्षा सुरू होते. काडेपेटीतील काडीहून पातळ अशी लाकडी पट्टी कोमट पाण्यात भिजवून, उष्णतेने हळूहळू वाकवून, नाळेच्या वळणाशी जुळवून, टाचण्यांनी धरून सरसाने चिकटवावी लागते. आणि डाव्या कुशीस एक पट्टी बसली की तिची जोडीदार लगेच उजव्या कुशीस बसवावी, हा दंडक मोडून जो एकच बाजू घाईने पुरी करतो, त्याच्या नौकेचा कणा त्या ताणाने पिळवटतो व मग सारा सरंजाम व्यर्थ जातो. दोरखंडांसाठी घेतलेल्या सुतावर मेण चोळले, म्हणजे त्याचे तंतू बसतात.

मात्र नवख्याने तीन डोलकाठ्यांच्या या नौकेला एकदम हात घालू नये. प्रथम एका डोलकाठीचे साधे तारू पुरे करावे.