गरीब-श्रीमंतातली दरी वाढली की घटली? हिशोब कसा मांडतात, समजून घ्या

गावात दुचाक्या वाढल्या, पत्र्याच्या जागी स्लॅब आले, हातोहाती मोबाईल आले. मग गरीब-श्रीमंतातलं अंतर कमी झालं म्हणायचं का? पारावर हा विषय निघाला की दोन तट पडतात. सरकारी आकडे पाहिले तर दोन्ही बाजू खऱ्या निघू शकतात.

टक्क्यात घटली, रुपयात वाढली

कुटुंबाचा महिन्याचा खर्च किती, याची पाहणी केंद्र सरकार करतं. २०११-१२ मध्ये देशात खेड्यातल्या माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च १,४३० रुपये आणि शहरातल्या माणसाचा २,६३० रुपये होता. २०२३-२४ मध्ये हेच आकडे ४,१२२ आणि ६,९९६ रुपये झाले.

आता टक्क्यात पाहा. शहरातला खर्च आधी खेड्यापेक्षा ८४ टक्के जास्त होता, तो आता ७० टक्के जास्त आहे. म्हणजे दरी घटली. रुपयात पाहा. आधी फरक १,२०० रुपयांचा होता, आता २,८७४ रुपयांचा आहे. म्हणजे दरी वाढली.

यात महागाईही आहेच. ती वजा करून २०११-१२ च्या भावाने मोजलं, तरी फरक १,५५३ रुपये निघतो. म्हणून कुणी 'दरी घटली' म्हटलं, तर टक्क्यात की रुपयात, हे आधी विचारावं.

मोजपट्टी तीच हवी

गेल्या वर्षी एका मापाने आणि यंदा दुसऱ्या मापाने धान्य मोजलं, तर पीक वाढलं की घटलं हे सांगता येत नाही. इथंही तसंच. नव्या पाहणीत वस्तूंची यादी वाढवली आणि एका भेटीऐवजी तीन भेटी दिल्या. त्यामुळे जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवताना जपून बोलावं लागतं.

'गिनी' म्हणजे काय?

बातम्यांत येणारा हा आकडा ० ते १ च्या मधला असतो. दहा जणांत दहा भाकरी सारख्या वाटल्या तर ०, सगळ्या एकालाच मिळाल्या तर १ च्या जवळ. ग्रामीण भारतात खर्चाचा हा आकडा २०२२-२३ मध्ये ०.२६६ होता, पुढच्या वर्षी ०.२३७ झाला. पण हा फक्त खर्चाचा हिशोब आहे. जमीन, सोनं, बँकेतली ठेव त्यात येत नाही.

सरासरीत लपलेली माणसं

कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात एका खातेदाराकडे १९७०-७१ मध्ये सरासरी ४.२८ हेक्टर, म्हणजे साडेदहा एकर जमीन होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरावर आली. वाटण्या होत गेल्या, हे यातून कळतं. पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही, तो शेतमजूर या सरासरीत येतच नाही.

याचा घरकुलाशी काय संबंध?

थेट संबंध आहे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक आणि जात पाहणीच्या याद्यांवरून घरकुलाचे लाभार्थी ठरवले गेले. नंतर वेगळा संसार थाटलेला मुलगा किंवा नंतर विधवा झालेली बाई त्या यादीत कशी सापडणार? सुटलेल्यांसाठी पुढे 'आवास प्लस' सर्वेक्षण करावं लागलं. मोजणी जुनी झाली की मदत चुकीच्या दारात जाते, ती अशी.

जनगणनेत खरं सांगा

२०२७ च्या जनगणनेत जातीचीही नोंद होणार आहे. घरयादीच्या टप्प्यात घर, पाणी, शौचालय, इंधन, वाहन यांची माहिती विचारतात. रेशनकार्ड जाईल या भीतीने काही जण दुचाकी लपवतात. पण जनगणना कायदा, १९४८ प्रमाणे कुणा एकाची माहिती गुप्त राहते, आणि योजनेचा लाभार्थी त्यावरून ठरत नाही. त्यामुळे दुचाकी असेल तर आहे म्हणा, नळ नसेल तर नाही म्हणा. गावात किती घरांना नळ नाही, हा आकडा त्याच उत्तरांतून तयार होतो.