शोस्ताकोविचच्या पंधरा सिंफन्या: कॉन्द्राशिनच्या बाजूने

दिमित्री शोस्ताकोविच ९ ऑगस्ट १९७५ रोजी मॉस्कोत गेला. त्याला आता पन्नास वर्षं होऊन गेली, आणि या काळात त्याच्या पंधरा सिंफन्यांचे इतके संच निघाले की नव्या श्रोत्याने हात कुठे घालावा हेच त्याला उमजत नाही. मला विचारणाऱ्यांना माझं उत्तर गेली कित्येक वर्षं एकच आहे: किरिल कॉन्द्राशिन, मॉस्को फिलहार्मोनिक, मेलोडिया कंपनी. १९६२ ते १९७५ या काळात ध्वनिमुद्रित झालेला हा पहिला संपूर्ण संच. त्याच्यानंतर चांगलं काही झालं नाही असं मी म्हणत नाही. पण त्या संचाशी ताडून पाहिल्याशिवाय कोणत्याही नव्या ध्वनिमुद्रणाबद्दल बोलू नये, एवढा माझा आग्रह आहे.

आग्रहाचं कारण लय. आपल्याकडच्या पाश्चात्त्य संगीताच्या जाणकारांत एक समजूत घट्ट बसली आहे, की जे संथ ते खोल. विलंबित ख्यालावर कान तयार झालेल्या माणसाला असं वाटणं मी समजू शकतो. पण विलंबितात गवई प्रत्येक आवर्तन स्वतः भरतो. जागा त्याच्या, बढत त्याची. सिंफनीत सूर आधीच लिहून ठेवलेले असतात. तिथे लय सैल केली की सुरांमधलं अंतर वाढतं, त्यात नवं काही येत नाही. शोस्ताकोविचच्या संगीताला तर ही ढिलाई अजिबात सोसत नाही. या माणसाने भीतीतही घाईने, नेटाने, दात आवळून लिहिलं. त्याला रेंगाळत वाजवणं म्हणजे त्याच्या दुःखावर स्वतःचं दुःख चढवणं. कॉन्द्राशिन ते कधी करत नाही.

पहिली सिंफनी चटकन सांगून टाकतो. १२ मे १९२६ रोजी लेनिनग्राडला निकोलाय माल्कोने ती सादर केली, तेव्हा संगीतकार एकोणीस वर्षांचा होता आणि ती त्याची पदविकेची कृती होती. कारेल आन्चेर्लने चेक फिलहार्मोनिककडून ती फार नेटकी वाजवून घेतली आहे. दुसरी आणि तिसरी या क्रांतीच्या आणि मे दिनाच्या जयघोषाच्या सिंफन्या. संचात असतात म्हणून ऐकाव्यात.

आणि मग चौथी. खरं तर हा लेख तिच्यासाठीच लिहायला घेतला. १९३६च्या जानेवारीत ‘प्राव्दा’ने शोस्ताकोविचच्या ऑपेरावर तो कुप्रसिद्ध हल्ला चढवला, तेव्हा चौथी अर्धीमुर्धी लिहून झाली होती. त्याने ती पुरी केली. डिसेंबरात लेनिनग्राडला फ्रिट्स श्टीद्रीच्या हाताखाली तालमीही झाल्या. पण ऐन वेळी ती मागे घेतली गेली, आणि पुढची पंचवीस वर्षं कोणत्याही वाद्यवृंदाने ती वाजवली नाही. मूळ स्वरलिपी युद्धात हरवली. पुढे वादकांच्या सुट्या प्रतींवरून ती पुन्हा उभी केली गेली, आणि ३० डिसेंबर १९६१ रोजी मॉस्कोत कॉन्द्राशिनने ती पहिल्यांदा लोकांपुढे आणली. लगेच १९६२ साली तिचं ध्वनिमुद्रण झालं.

हे ध्वनिमुद्रण ऐकताना मला नेहमी जाणवतं की ही सिंफनी अजून कोणाच्या सवयीची झालेली नाही. शंभराहून अधिक वादक, आठ हॉर्न, दोन ट्यूबा. आणि या साऱ्या फौजेला तिच्या ताकदीच्या कडेवर पाय रोवून उभं केलं आहे. पहिल्या भागात तंतुवाद्यं एकामागून एक ज्या वेगाने फ्यूगमध्ये घुसतात, तो वेग कॉन्द्राशिन कमी करत नाही. वादक तुटेपर्यंत ओढतो, आणि ते तुटत नाहीत. आजचे वाद्यवृंद तोच भाग अधिक स्वच्छ वाजवतात हे मान्य आहे. पण तिथे स्वच्छतेचं काम नाही. तिथे पाठलाग आहे, आणि पाठलागात धाप लागलेली ऐकू यावी लागते. शेवटी तो प्रचंड कोलाहल ओसरतो, खाली खर्ज धरून राहतो आणि वर चेलेस्ता थोडेसेच सूर टाकते. तिथे भलेभले संचालक थांबतात, श्वास घेतात, गंभीर होतात. कॉन्द्राशिन फक्त मोजत राहतो. त्यामुळे तो शेवट अंगावर येतो.

याच सिंफनीचं त्याचं १९६३चं ड्रेस्डेनचं सादरीकरणही पुढे प्रकाशात आलं, तेही मिळवावं. पश्चिमेत युजीन ओर्मांडीने फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदाकडून १९६३ साली ती ध्वनिमुद्रित केली, आणि ती ध्वनिमुद्रिका आजही उत्तम ठरते. त्या वाद्यवृंदाचा मखमली आवाज या कृतीला शोभेल का, अशी शंका घेणाऱ्यांनी ती एकदा शेवटपर्यंत ऐकावी.

पाचवी सगळ्यांना ठाऊक. २१ नोव्हेंबर १९३७ रोजी येव्गेनी म्राविन्स्कीने ती लेनिनग्राडला सादर केली, आणि तिच्यावर पहिला हक्क त्याचाच. वाद आहे तो शेवटच्या पानांचा. छापील आवृत्त्यांत तिथला लयीचा आकडा दोन तऱ्हांनी आला आहे, आणि त्यातला एक दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाचा. लिओनार्ड बर्नस्टाइनने १९५९ साली न्यूयॉर्क फिलहार्मोनिककडून तो समारोप भरधाव नेला. त्याच वर्षी त्याच्या मॉस्कोतल्या कार्यक्रमाला संगीतकार हजर होता आणि त्याने दाद दिली. म्राविन्स्की तिथे जड पावलांनी जातो. मला दोन्ही पटतात, कारण दोघांनीही त्याआधीचा प्रवास कसून केलेला आहे. संथ समारोपाचं भांडवल करून अख्खी सिंफनी संथ करणारे मात्र मला पटत नाहीत.

सहावीसाठी म्राविन्स्की, आणि पुढे.

सातवी, म्हणजे ‘लेनिनग्राड’. तिचा इतिहास तिच्या संगीताहून मोठा झाला आहे: ५ मार्च १९४२ला कुइबिशेवमध्ये समोसुदने केलेलं पहिलं सादरीकरण, मायक्रोफिल्मवरून तेहरानमार्गे अमेरिकेला गेलेली स्वरलिपी, १९ जुलैला तोस्कानिनीचं रेडिओ प्रक्षेपण, आणि ९ ऑगस्टला वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये कार्ल एलियासबेर्गने उपाशी वादकांना घेऊन केलेला तो कार्यक्रम. बर्नस्टाइनचं १९८८चं शिकागोचं ध्वनिमुद्रण पुष्कळांच्या देव्हाऱ्यात आहे. ते जवळपास ८५ मिनिटं चालतं. कॉन्द्राशिन तीच सिंफनी सत्तरएक मिनिटांत संपवतो. बर्नस्टाइनच्या हाती ती भव्य स्मारक होते, कॉन्द्राशिनच्या हाती ती अजून चालू असलेली लढाई राहते. आन्चेर्लचं १९५७चं ध्वनिमुद्रणही याच बाजूचं. आउश्वित्झमध्ये कुटुंब गमावून परतलेल्या माणसाने ती वाजवली आहे, आणि त्यात कुठेही तो स्वतःकडे लक्ष वेधून घेत नाही.

आठवी म्राविन्स्कीला अर्पण केलेली आहे, आणि तिथे मी त्याच्यापुढे कोणालाच उभं करत नाही. सीडीवर गाजलेलं त्याचं १९८२चं सादरीकरण पहिल्या आवृत्तीत मूळ स्वराहून चढं निघालं होतं. दुरुस्त प्रत पाहूनच घ्यावं. त्याहून मला लंडनचं १९६०चं सादरीकरण अधिक जवळचं आहे.

नववी कोणीही बिघडवू शकत नाही, तेव्हा सरळ दहावीकडे येतो. इथे मित्रमंडळींशी माझे जुने वाद आहेत. हेर्बेर्ट फॉन कारायानने शोस्ताकोविचच्या सिंफन्यांपैकी एवढी एकच, पण दोनदा ध्वनिमुद्रित केली, १९६६ आणि १९८१ साली. १९६९ला मॉस्कोत संगीतकारासमोर वाजवलीही. बर्लिन फिलहार्मोनिक त्यात जे करते ते थक्क करणारं आहे. पण त्या दुसऱ्या भागाच्या झंझावातात मला ताकद ऐकू येते, दहशत नाही. दहशत हवी तर न्यूयॉर्कला मित्रोपूलोसने १९५४ साली केलेली जुनी मोनो ध्वनिमुद्रिका लावावी. आवाज कोरडा आणि अरुंद, तरी बसल्या जागी ताठ व्हायला होतं.

अकरावीची निवड सोपी: लिओपोल्ड स्तोकोव्स्की, ह्यूस्टन, १९५८. रशियनांच्या घरात शिरून एखाद्याने बाजी मारली असेल तर ती इथे. बारावी म्राविन्स्कीवर सोपवावी.

तेरावी पुन्हा कॉन्द्राशिनची, आणि ती त्याच्या धैर्याची साक्ष आहे. कीवजवळच्या बाबी यारच्या घळीत १९४१च्या सप्टेंबरात दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंची कत्तल झाली. येव्तुशेंकोच्या त्यावरच्या कवितेला शोस्ताकोविचने बास गायक, बास आवाजांचाच वृंद आणि वाद्यवृंद यांच्यासाठी स्वर दिले. म्राविन्स्कीने ती घ्यायला नकार दिला. ठरलेला गायक सादरीकरणाच्या दिवशी येऊ शकला नाही, तेव्हा विताली ग्रोमाद्स्की उभा राहिला. सरकारी दडपण वरपासून खालपर्यंत होतं. तरी १८ डिसेंबर १९६२ रोजी कार्यक्रम झाला आणि २० तारखेला पुन्हा झाला. पुढे कवीला काही ओळी बदलाव्या लागल्या, आणि मेलोडियाच्या संचातल्या तेराव्या सिंफनीत आर्तूर आयझेन त्या बदललेल्या ओळी गातो. म्हणूनच २० डिसेंबरचं थेट ध्वनिमुद्रण जपून ठेवावं. त्यात खोकले आहेत, वृंदाचे काही प्रवेश ढिले आहेत. पण सभागृहातल्या सगळ्यांना आपण काय ऐकतो आहोत हे माहीत आहे, आणि ते माहीत असणं टेपवर उतरलं आहे. १९७८च्या अखेरीस कॉन्द्राशिनने हॉलंडमध्ये आश्रय घेतला. १९८०च्या डिसेंबरात त्याने म्युनिकला बव्हेरियन रेडिओच्या वाद्यवृंदासह तेरावी पुन्हा केली, आणि पुढच्या मार्चमध्ये आम्स्टरडॅमला तो गेला. तेही ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. जॉन शर्ली-क्वर्क गायक म्हणून रशियन नाही, पण वाद्यवृंद कॉन्द्राशिनसाठी जीव टाकतो.

चौदावी रूडॉल्फ बर्शायची, कारण १९६९ साली तिचं पहिलं सादरीकरण त्याने गालीना विश्नेव्स्कायाला घेऊन केलं. पंधरावीसाठी कुर्ट झान्डर्लिंगचं १९७८चं बर्लिनचं ध्वनिमुद्रण आणि कॉन्द्राशिनचं, दोन्ही घ्यावीत. तिच्या अखेरीस तालवाद्यांची जी टिकटिक चालते, ती चौथीच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी आधीच येऊन गेली आहे. पंचवीस वर्षं गप्प ठेवलेल्या सिंफनीला शोस्ताकोविचने शेवटच्या सिंफनीत अशी हाक घातली. दोन्ही एकाच संचालकाकडून ऐकण्याचा फायदा इथे कळतो.

यातल्या सोव्हिएत रेकॉर्डी आमच्या पिढीला मिळाल्या त्या मुंबईतल्या सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनांत. गॉर्की आणि रसायनशास्त्राच्या पुस्तकांशेजारी मेलोडियाच्या एलपी रचलेल्या असत, आणि विद्यार्थ्याच्या खिशाला परवडत. आवरणावरचं सगळं रशियनमध्ये. सिंफनीचा क्रमांक आणि संचालकाचं नाव वाचता यावं म्हणून आम्ही त्या लिपीची अक्षरं शिकलो. इंग्रजी कंपन्यांच्या रेकॉर्डींसाठी काळ्या घोड्याजवळचं ऱ्हिदम हाउस होतं. तिथल्या काचेच्या खोलीत आधी ऐकून बघता येई. एक रेकॉर्ड विकत घेतली की ती महिनाभर चार घरांत फिरायची, आणि परत येईपर्यंत तिच्यावर चार मतं झालेली असत. ऱ्हिदम हाउस २०१६ला बंद झालं.

आता सगळं फोनवर मिळतं, आणि नेमकी ऐकण्याची शिस्त गेली. लोक दहावीचा दुसरा भाग ऐकतात आणि दहावी ऐकल्याचं सांगतात. त्याहून मोठा तोटा वाद्यवृंदांचा झाला आहे. कॉन्द्राशिनच्या काळात मॉस्कोचा हॉर्न कंप घेऊन, जवळजवळ गळ्यातून आल्यासारखा वाजायचा. प्रागचे क्लॅरिनेट वेगळे, फिलाडेल्फियाची तंतुवाद्यं वेगळी. आज डोळे मिटून ऐकलं तर बॉस्टन कुठलं आणि लिव्हरपूल कुठलं हे सांगणं कठीण. मारिस यान्सन्सने आपला संच आठ वाद्यवृंदांकडून वाजवून घेतला, आणि त्यातले निम्मे एकमेकांच्या जागी बसवले तरी चालेल. नव्या ध्वनिमुद्रणांत बास ड्रम छातीत घुमतो, एवढ्यावर त्यांची वाहवा करणारे लेख मी वाचतो तेव्हा अस्वस्थ होतो. ध्वनीची गुणवत्ता ही तंत्रज्ञाची कमाई. संगीतकाराला न्याय संचालकाने द्यायचा असतो.

तेव्हा नव्या श्रोत्याला माझा सल्ला सरळ आहे. संपूर्ण संच हवाच असेल आणि मेलोडियाचा कर्कश आवाज सोसत नसेल, तर बर्नार्ड हाइटिंकचा किंवा बर्शायने कोलोनला केलेला संच घ्या. दोघेही प्रामाणिक आहेत आणि बर्शाय तर स्वस्तही. पण त्याआधी कॉन्द्राशिनची १९६२ची चौथी एका बैठकीत, मध्ये न उठता ऐका. तासाभराचं काम आहे. ती ऐकूनही तुम्हाला वाटलं की हे अजून संथ हवं होतं, तर माझ्या बाकीच्या शिफारशी खुशाल बाजूला ठेवा.