वजाबाकीचा ताळा बेरजेने

शाळेत आपण वजाबाकीचा ताळा पुन्हा वजाबाकी करून पाहत नव्हतो, बेरीज करून पाहत होतो. भागाकाराचा ताळा गुणाकाराने. आलो त्याच वाटेने परत गेलो, तर त्याच खड्ड्यात पुन्हा पाय पडतो, एवढं साधं त्यामागचं शहाणपण. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. ज्या गणिताचं उत्तर कुठल्याच पुस्तकाच्या मागे छापलेलं नाही, ते बरोबर आलं हे ओळखायचं कसं, असं विद्यार्थी विचारतात तेव्हा मी त्यांना इलेक्ट्रॉनची गोष्ट सांगतो.

इलेक्ट्रॉन म्हणजे एक चिमुकला लोहचुंबकच. त्याची चुंबकीय ताकद 'जी' नावाच्या आकड्यात सांगतात. पॉल डिरॅक यांच्या १९२८ सालच्या समीकरणातून हा आकडा बरोबर २ येतो. पण १९४७ साली कोलंबिया विद्यापीठात पॉलिकार्प कुश आणि हेन्री फोली यांनी तो मोजला, तर २ पेक्षा किंचित जास्त भरला. हजारी एकाहून थोडा अधिक.

ही वाढ कशामुळे? इलेक्ट्रॉन क्षणभरासाठी एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, बाहेर टाकतो आणि परत घेतो. या उसनवारीने त्याचं चुंबकत्व जरासं बदलतं. ज्युलियन श्विंगर यांनी १९४८ मध्ये या बदलाचं सूत्र दिलं : अल्फा भागिले दोन पाय. अल्फा म्हणजे साधारण १/१३७, म्हणून उत्तर ०.००११६. अमेरिकेतल्या त्यांच्या समाधिशिळेवर हेच सूत्र कोरलेलं आहे.

पण उसनवारी एकदाच होते असं थोडंच आहे? पहिल्या पायरीवर एकच आकृती काढावी लागते. दुसऱ्या पायरीवर ७, तिसऱ्यावर ७२, चौथ्यावर ८९१ आणि पाचव्यावर १२,६७२! प्रत्येक आकृतीमागे एक अवघड गणित. कॉर्नेल विद्यापीठाचे तोइचिरो किनोशिता यांनी या कामात आयुष्य घातलं. पाचव्या पायरीचं पूर्ण उत्तर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जाहीर केलं.

चुका झाल्या का? झाल्या. दुसऱ्या पायरीच्या अवघ्या ७ आकृत्यांचं १९५० मध्ये आलेलं उत्तर खऱ्या उत्तराच्या नऊपट होतं. १९५७ साली पीटरमन आणि समरफील्ड यांनी वेगवेगळं गणित केलं, तेव्हा ते सुधारलं.

या चुका महाग का पडतात, ते म्यूऑनकडे पाहिलं की कळतं. हा इलेक्ट्रॉनचा थोरला भाऊ, २०७ पट जड. अजून न सापडलेला एखादा जड कण असेल, तर त्याचा परिणाम म्यूऑनवर सुमारे ४३,००० पट जास्त दिसायला हवा. म्हणून मोजणी आणि गणित यांत फरक पडला, की नव्या कणाची चाहूल लागल्यासारखं वाटतं. २००१ च्या सुरुवातीला ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेने असा फरक जाहीर केला. त्याच वर्षी मार्क क्नेख्ट आणि आंद्रेआस निफेलर यांनी एक छोटा भाग निराळ्या रीतीने काढला. आकडा जवळपास तोच, चिन्ह मात्र उलटं! किनोशिता आणि हायाकावा यांनी आपलं जुनं गणित उघडून तपासलं, चिन्हाची चूक शोधली आणि जाहीरपणे मान्य केली. फरक बराच घटला.

फर्मिलॅबने २०२५ मध्ये म्यूऑनची अंतिम मोजणी दिली. तिची अनिश्चितता अब्जात फक्त १२७ भाग आहे. गणिताची बाजू मात्र अजून निवांत झालेली नाही. क्वार्कांमुळे येणारा भाग दोन वाटांनी काढतात, एक प्रयोगांतल्या टकरींच्या नोंदींवरून आणि दुसरी थेट महासंगणकावर. या दोन वाटांची उत्तरं अजून नीट जुळत नाहीत. ती जुळेपर्यंत नवा कण आहे की नाही, हे कोणी छातीठोकपणे सांगू नये.

इलेक्ट्रॉनच्या पाचव्या पायरीचाही ताळा झाला. सर्गेई वोल्कोव्ह यांनी २०१९ मध्ये तिच्या एका मोठ्या भागाचं गणित स्वतंत्रपणे केलं आणि उत्तर वेगळं आलं. मग किनोशितांच्या सहकाऱ्यांनी त्या भागाचे ३८९ तुकडे करून एकेक तुकडा शेजारी ठेवून पाहिला. कुठल्याच तुकड्यात डोळ्यांत भरेल असा फरक नव्हता! पण एकाच घडणीच्या ९८ तुकड्यांत बारीक फरक एका बाजूला झुकलेले होते. थेंबे थेंबे तळे साचलं होतं. ते ९८ तुकडे अधिक काटेकोरपणे पुन्हा मोजले आणि २०२४ मध्ये दोन्ही उत्तरं जुळली.

या कामात नवा कण सापडला नाही की मोठी बातमी झाली नाही. पण आज इलेक्ट्रॉनच्या गणितावर भरवसा ठेवून कोणी पुढचं पाऊल टाकत असेल, तर ते दुसऱ्या वाटेने ताळा पाहणाऱ्या या लोकांमुळेच. तुमच्यापैकी कोणाला संशोधनात जायचं असेल, तर दुसऱ्याचं गणित तपासण्याचं काम आलं म्हणून नाक मुरडू नका. आणि कोणी तुमचं गणित तपासायला मागितलं, तर वही आनंदाने पुढे करा.