वर्गातील यंत्र आणि स्वतंत्र सुलभक : एका नव्या व्यवसायाची ओळख

यंत्राचा खरा खर्च म्हणजे काय, हे व्यापाऱ्यास निराळे सांगावे लागत नाही. दुकानातील वजनकाटा असो वा गिरणीतील मोटार असो, ती विकत घेताना मोजलेली रक्कम ही पहिली रक्कम होय, शेवटची नव्हे. वीज, दुरुस्ती, घसारा आणि यंत्र चालविणारा जाणता माणूस, ही चार खाती उघडल्यावाचून कोणतेही यंत्र पदरात नफा टाकीत नाही. परंतु हाच व्यापारी शाळेस देणगी देऊ लागला म्हणजे हा हिशेब अनेकदा विसरला जातो. प्रोजेक्टर, संगणक अथवा बोटाच्या स्पर्शाने चालणारा मोठा फलक शाळेस अर्पण होतो, समारंभ होतो, दात्याचे नाव भिंतीवर लागते. पुढे त्या यंत्रावर कोण, काय व कसे शिकविणार, हा प्रश्न मात्र विचारावयाचा राहून जातो. या प्रश्नाचे उत्तर देणे हाच ज्याचा व्यवसाय, त्या स्वतंत्र सुलभकाची ओळख सभासद बंधुभगिनींस करून द्यावी, असा आमचा मानस आहे.

सुलभक हा शब्द शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात रूढ झाला आहे. काम सुलभ करून देणारा तो सुलभक. तो यंत्रे विकणारा नव्हे, केवळ दुरुस्ती करणारा नव्हे, आणि शिक्षकाची जागा घेणाराही नव्हे. शाळेस कोणत्या साधनाची गरज आहे हे ठरविणे, आलेले साधन शिक्षकाच्या हाती बसविणे, आणि वर्षअखेर त्यापासून मुलांस काय लाभले हे पाहणे, ही त्याची तीन कामे होत. तो कोणा एका शाळेचा पगारी नोकर नसतो; चार-सहा शाळांशी करार करून वारावारीने तेथे जातो. म्हणून त्यास स्वतंत्र म्हणावयाचे.

साधन आले म्हणजे ते आपोआप रुजते असे नाही, याचा दाखला आपल्या शेजारच्या बेळगावातच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी या शतकापूर्वीच्या शतकाच्या उंबरठ्यावर, म्हणजे १९०३ च्या सुमारास, तेथे लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. नांगर उत्तम होता. तो समजावून सांगणारा हवा होता. पुढे किर्लोस्करांच्या मालाचे फिरते विक्रेते म्हणून ज्यांनी काही काळ काम केले, त्यांत जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील हेही होते. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या या पुरुषाने गावोगावच्या फिरतीत खेड्यातील माणूस जवळून पाहिला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

शिक्षणातील यंत्रांचा इतिहासही हेच सांगतो. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी नेण्याचा प्रयोग आपल्या देशाने केला. कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा व रायचूर हे जिल्हे त्यात होते. पुण्यास १९८४ साली मुलांसाठी शैक्षणिक चित्रफिती तयार करणारी बालचित्रवाणी ही संस्था निघाली. ती २०१७ साली बंद झाली. सप्टेंबर २००४ मध्ये केवळ शिक्षणासाठी एज्युसॅट हा उपग्रह सोडण्यात आला. त्याचे आयुष्य २०१० साली संपले. तंत्र येते आणि जुने होते; शिक्षकाने कमावलेले कसब तेवढे वर्गात टिकते. परदेशात पाहावे तर पेरू देशाने मुलांस लाखो लॅपटॉप वाटले, परंतु शिकविण्याच्या पद्धतीशी त्यांची सांगड न घातल्यामुळे मुलांच्या अभ्यासात सुधारणा दिसली नाही, असे युनेस्कोने २०२३ च्या आपल्या जागतिक अहवालात नमूद केले आहे.

उलट उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड, म्हणजे फोनने वाचता येणाऱ्या चौकोनी खुणा, बसविल्या. खुणेवर फोन धरताच कविता ऐकू येई, पाठ दिसे, स्वाध्याय मिळे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांनी ही पद्धत स्वीकारली, आणि ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांस दहा लक्ष डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. येथे साधन अगदी स्वस्त होते. छापील कागद व साधा फोन. मोल होते ते कोणत्या धड्यास कोणती जोड द्यावी हे ओळखणाऱ्या शिक्षकाच्या दृष्टीचे.

आता आपल्या रामनगरकडे वळू. बेळगावहून अनमोड घाटाने गोव्यास जाणाऱ्या मार्गावरील हे गाव जोयडा तालुक्यात, दाट अरण्याच्या परिसरात आहे. सुपा धरणामुळे घरदार सोडावे लागलेल्या अनेक कुटुंबांनी येथे नव्याने संसार मांडला. घरी कोंकणी वा मराठी, कचेरीत कन्नड, आणि पुढील शिक्षणात इंग्रजी, असा येथील मुलाचा भाषाप्रवास असतो. अशा गावी सुलभकास पहिल्या दिवशी यंत्रास हात न लावता चार गोष्टी विचारावयाच्या असतात. वीज दिवसातून केव्हा जाते? फोनास रेघा किती मिळतात? पावसाळ्यातील ओल कोणत्या खोलीत कमी असते? आणि मुलांस कोणता धडा जड जातो? शहरातील विक्रेत्याने दाखविलेला झगझगीत फलक या चार प्रश्नांपुढे कित्येकदा निरुत्तर होतो.

इंटरनेटचा भरवसा नसेल तर उपाय आहे. एका लहानशा संगणकात धडे, चित्रफिती व ज्ञानकोश साठवून ठेवता येतात आणि वर्गातील टॅबना ते बिनतारी पुरविता येतात. बाहेरील जोडणी लागत नाही. कोलिब्री आणि किविक्स या विनामूल्य प्रणाली याच कामाच्या आहेत. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाने तयार केलेले फेट नावाचे विज्ञानाचे प्रयोग संगणकावर उतरवून ठेवता येतात, आणि त्यांतील कित्येक मराठीत व कन्नडमध्येही उपलब्ध आहेत. विजेच्या मंडलाचा धडा घ्या. मुलाने प्रथम पडद्यावर तारा जोडाव्या, दिवा लागतो का पाहावे, आणि मग खरी बॅटरी व खरा दिवा घेऊन तेच करावे. पडदा हा प्रयोगाच्या जागी नव्हे, प्रयोगाच्या आधी. हा क्रम शिक्षकास पटवून देणे हेच सुलभकाचे कसब. पहिला तास त्याने घ्यावा, दुसरा शिक्षकाबरोबर घ्यावा, आणि तिसऱ्या तासाला त्याने मागच्या बाकावर बसावे. चौथ्या तासाला त्याची गरज उरू नये, यातच त्याचे यश.

या व्यवसायाची नीती व्यापाऱ्यास चटकन समजेल. सल्ला देणारा आणि दलाली घेणारा एकच असेल, तर सल्ल्यास किंमत राहत नाही. म्हणून सुलभकाने यंत्रे विकणाऱ्याकडून कमिशन घेऊ नये; आपला मेहनताना शाळेकडून वा देणगीदाराकडून उघडपणे घ्यावा, आणि भेटी किती, काम कोणते, मुदत कोणती, हे लेखी ठरवावे. दुसरी गोष्ट मुलांच्या माहितीची. अनेक प्रणाली मुलांची नावे, गुण, छायाचित्रे मागतात. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीची तरतूद आहे. ज्या प्रणालीस मुलाचे नाव न देताही काम भागते, ती आधी निवडावी.

उत्पन्नाविषयी भ्रम नसावा. सुट्ट्यांत काम मंदावते, शाळांची बिले उशिरा निघतात, आणि दर दोन-तीन वर्षांनी नवे तंत्र शिकावे लागते. या कामास निराळा परवाना लागत नाही, म्हणून नाव हेच भांडवल. तथापि ज्यास शिकविण्याची आवड आहे, दोन-तीन भाषा येतात आणि गाव सोडावयाचे नाही, अशा तरुण-तरुणींस हा मार्ग विचार करण्याजोगा आहे. आपल्या घरातील सुशिक्षित सुनांनी व लेकींनीही याकडे पाहावे. दुकानात गिऱ्हाइकाची गरज ओळखण्याचे जे वळण आपल्या मुलांस लहानपणापासून लागते, तेच येथेही उपयोगी पडते.

शेवटी देणगीदारांस एक सूचना. शाळेस यंत्र द्यावयाचे झाल्यास देणगीचे तीन भाग करावे : एक यंत्राचा, दुसरा देखभालीचा, तिसरा शिक्षकांस तयार करणाऱ्या माणसाचा. यंत्राशेजारी एक साधी वही टांगावी. तारीख, इयत्ता, विषय, शिक्षक, किती वेळ वापर झाला आणि काय बिघडले, एवढेच तीत लिहावे. वर्षाने शाळेत गेल्यावर दात्याने यंत्रावरील आपले नाव पाहू नये; वही पाहावी. पाने भरलेली असतील तर देणगी पोहोचली. कोरी असतील तर नवे यंत्र देण्यापूर्वी जाणता माणूस द्यावा. ज्ञानदानाचे पुण्य पेटीत बंद राहिलेल्या वस्तूने लाभत नाही. ते मुलाच्या हाती पोहोचावे लागते, आणि ते पोहोचविणाऱ्या हातांचा मोबदला हाही दानाचाच भाग आहे.